आपल्या मातीचा ग्रंथ कोणी लिहायचा?

१७६० साली अमेरिकेतील बोस्टन शहरात शेतीवरचे एक पुस्तक छापले गेले. अमेरिका स्वतंत्र होण्यास तेव्हा सोळा वर्षे अवकाश होता आणि आपल्याकडे पानिपतचा रणसंग्राम काही महिन्यांवर येऊन ठेपला होता. ‘एसेज अपॉन फील्ड हज्बंड्री इन न्यू इंग्लंड’ हे त्या पुस्तकाचे नाव. न्यू इंग्लंड प्रदेशातील शेतीविषयीचे निबंध, असा त्याचा सरळ अर्थ. अमेरिकेच्या भूमीवर, तेथील मातीविषयी, तेथील माणसाने लिहिलेले हे पहिले शेतीपुस्तक मानले जाते. त्याच्या मूळ आवृत्तीच्या प्रती आज अत्यंत दुर्मीळ आहेत आणि ज्या संग्रहांत त्या आहेत, तेथे त्या राष्ट्रीय ठेव्याप्रमाणे जपल्या जातात.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या वाचकाने या परक्या पुस्तकाची दखल का घ्यावी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर त्या पुस्तकाच्या जन्मकथेत आहे आणि आपल्या पायाखालच्या मातीतही आहे.

या पुस्तकाचा लेखक जेरेड इलियट हा व्यवसायाने शेतकरी नव्हता. कनेक्टिकट प्रांतातील किलिंगवर्थ या गावचा तो धर्मोपदेशक आणि वैद्य होता. रुग्णांना पाहण्यासाठी त्याला घोड्यावरून दूरदूर जावे लागे. वाटेत तो शेते न्याहाळी, शेतकऱ्यांशी बोले, घरी येऊन स्वतःच्या जमिनीवर प्रयोग करी आणि जे आढळले ते लिहून ठेवी. १७४८ पासून त्याने हे निबंध एकेक करून प्रसिद्ध केले आणि १७६० मध्ये ते एकत्र ग्रंथरूपाने आले. विख्यात बेंजामिन फ्रँकलिन त्याचा मित्र होता आणि दोघांमध्ये शेतीविषयी पत्रव्यवहार चाले.

इलियटच्या म्हणण्याचे सार थोडक्यात असे. आपले पूर्वज या भूमीत आले तेव्हा माती कोरी होती. तिच्या अंगच्या कसावर त्यांनी पिके घेतली. एक तुकडा थकला की दुसरा मोकळा केला. घेतले, पण परत काही दिले नाही. आता मोकळा करण्याजोगा तुकडा उरलेला नाही, तेव्हा थकलेल्या मातीला पुन्हा उभे करण्याची विद्या शिकणे भाग आहे. त्यासाठी त्याने दलदलीच्या जमिनींतील पाणी काढून त्या लागवडीखाली आणण्याचे, क्लोव्हरसारखे द्विदल गवत पेरून जमिनीचा कस वाढवण्याचे आणि निरनिराळ्या खतांचे प्रयोग सांगितले. उघड्या उतारावरून वाहणारे पावसाचे पाणी गढूळ असते, हे त्याने बारकाईने पाहिले होते. त्या गढूळपणातून शेताचा कसच वाहून जातो, हेही त्याला उमगले होते.

पुढे काय झाले? राष्ट्र पश्चिमेकडे पसरत गेले, कोऱ्या जमिनींचा नवा साठा हाती लागला आणि इलियटचे म्हणणे मागे पडले. दक्षिणेतील व्हर्जिनियामध्ये तंबाखूने जमिनी निकृष्ट केल्या. तेथे एडमंड रफिन याने १८३२ साली चुनखडीयुक्त खतांवर ग्रंथ लिहून आम्ल झालेल्या मातीवर उपाय सांगितला. (हाच रफिन गुलामगिरीचा कडवा पुरस्कर्ता होता, मातीची जाण असलेल्या माणसाला माणसाची जाण असतेच असे नाही.) तरीही एकूण रीत बदलली नाही. अखेर १९३४ च्या मे महिन्यात मध्य अमेरिकेतील नांगरलेल्या कुरणांची माती वादळाबरोबर उडाली आणि हजारो किलोमीटर दूर, पूर्व किनाऱ्यावरील शहरांवर तिची धूळ पडली. त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठाने इलियटचे पुस्तक पुन्हा छापले. पुढच्याच वर्षी, १९३५ मध्ये, मृदसंधारणाचा राष्ट्रीय कायदा झाला. ग्रंथ होता, पण १७४ वर्षे त्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. संकट आले तेव्हा मात्र उघडण्यासाठी त्या राष्ट्रापाशी स्वतःचा ग्रंथ होता. आपल्यापाशी काय आहे?

राब: न लिहिलेला ग्रंथ

ठाणे जिल्हा हा भाताचा जिल्हा. आज कल्याणहून कसारा किंवा कर्जतची गाडी पकडणाऱ्याला इमारतींच्या रांगा संपेपर्यंत शेत दिसत नाही. तरी मुरबाड, शहापूर, भिवंडीच्या ग्रामीण भागांत भातखाचरे अजून टिकून आहेत. या खाचरांची एक विद्या आहे. तिचे नाव राब.

ज्या तुकड्यात रोपे तयार करायची, त्यावर उन्हाळ्यात शेणाचा थर द्यायचा. त्यावर झाडांची कवळ, म्हणजे छाटलेल्या डहाळ्या, पसरायची. ऐनाची असेल तर उत्तम. त्यावर गवत आणि पालापाचोळा. सर्वात वर बारीक मातीचा पातळ थर, म्हणजे भडका न उडता आच धिमेपणाने आत जिरावी. मग वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने पेटवायचे. मृगाच्या पावसात याच तापलेल्या, राखेने माखलेल्या भूमीत बी पडते आणि रोप जोमाने उठते. महिन्याभरात ते उपटून खाचरात लावणी होते. राबासाठी कवळ आणि गवत देणारी जी वर्कस जमीन, ती भातजमिनीला जोडलेलीच असे. खाचर, वर्कस, गोठा आणि रान या चौघांचा मिळून एक संसार होता. एक मोडला की बाकीचे तिघे लंगडे पडत.

हा संसार मोडायला आला तो एकोणिसाव्या शतकात. वनखात्याची स्थापना झाली, राने राखीव ठरली आणि कवळ तोडणे हा अपराध होऊ लागला. इंग्रज अधिकाऱ्यांतील पुष्कळांच्या दृष्टीने राब म्हणजे अडाणी शेतकऱ्याची जंगल जाळण्याची खोड. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत यावरून असंतोष इतका वाढला की मुंबई सरकारला १८८५ साली चौकशीसाठी फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. त्याआधी १८८३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून जंगलखात्याच्या जाचावर कोरडे ओढले होते. डोंगरांवरून पावसाबरोबर वाहून येणारा पालापाचोळा आणि इतर सकस द्रव्ये शेतात मुरावीत म्हणून ताली-बंधारे बांधावेत, अशी सूचनाही त्यांनी केली होती. इलियटने गढूळ पाण्यात जे पाहिले, तेच फुल्यांनी आपल्या डोंगरउतारावर पाहिले होते. मराठीतला हा मातीविषयक विचार समाजप्रबोधनाच्या ग्रंथात दडलेला असल्याने शेतीग्रंथ म्हणून त्याकडे आपण फारसे पाहत नाही, हा दोष आपला.

राबाची शास्त्रीय बाजू मांडली गेली ती मात्र सरकारी कागदांत. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ डॉ. जॉन ऑगस्टस व्होएल्कर १८८९ च्या अखेरीस भारतात आले. वर्षभराहून अधिक काळ त्यांनी देश पाहिला आणि १८९३ मध्ये भारतीय शेतीच्या सुधारणेवर आपला प्रसिद्ध अहवाल दिला. भारतीय शेती मागासलेली आहे, हे गृहीत धरून बोलणाऱ्यांना त्यांनी स्पष्ट शब्दांत विरोध केला. इथला शेतकरी सरासरी इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा, काही बाबतींत त्याच्याहून सरस आहे, असा त्यांचा निर्वाळा होता. सुधारणेचा पहिला मार्ग म्हणून त्यांनी विलायती अवजारांऐवजी देशाच्या एका भागातील चांगली रीत दुसऱ्या भागात नेण्याचे सुचवले. शेण जळणात जाऊ नये म्हणून गावोगाव सरपणाची आणि चाऱ्याची राने राखावीत, असा आग्रह त्यांनी धरला. राबाचीही त्यांनी दखल घेतली.

पुढे १९१२ मध्ये पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी एन. व्ही. जोशी व एन. व्ही. कानिटकर यांनी पश्चिम भारतातील राबपद्धतीवर स्वतंत्र शोधप्रबंध प्रसिद्ध केला. राबाचा गुण केवळ राखेच्या खतात नसून माती तापण्यातही आहे, हे त्यातून पुढे आले. आच लागली की तणाचे बी मरते, मातीत अडकलेली अन्नद्रव्ये रोपाला सहज मिळू लागतात. ठाण्याच्या कुणब्याने आणि ठाकराने हे रसायनशास्त्र कोणत्याही प्रयोगशाळेत न जाता शोधले होते. हेच कानिटकर पुढे कोरडवाहू शेतीचे मान्यवर अभ्यासक म्हणून देशभर ओळखले गेले.

१८९३ हे साल ठाणेकरांनी आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवायला हवे. ज्या वर्षी व्होएल्कर यांचा अहवाल आला, त्याच वर्षी ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय तर त्याहून जुने, १८६४ चे. म्हणजे ग्रंथांविषयी आस्था असणारा समाज इथे होता, शास्त्रीय चिकित्सेला तोंड दिलेली विद्याही इथेच होती. तरीही राबावर, खाचरावर, इथल्या मातीवर, इथल्या शेतकऱ्याला हातात धरता येईल असा मराठी ग्रंथ घरोघरी पोहोचला नाही. ज्यांना विद्या होती त्यांना लिहिता येत नव्हते आणि ज्यांना लिहिता येत होते त्यांना चिखलात पाय घालायचा नव्हता. इलियटने घोड्यावरून उतरून जे केले, ते आपल्या सुशिक्षितांनी केले नाही. हे बोलणे कटू आहे, पण ते आपल्याला आपल्याच घरात बोलता आले पाहिजे.

खाडीकाठची भूमिविद्या

राबाची निदान सरकारी नोंद तरी झाली. खाडीकाठच्या विद्येच्या वाट्याला तेवढेही भाग्य पुरेसे आले नाही. दलदल आटवून शेत करणे हा इलियटच्या पुस्तकातील मोठा विषय. ठाण्याच्या खाडीकाठी आगरी समाजाने हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले. भरतीचे पाणी अडवायला मातीचे बांध घालायचे, ओहोटीला आतले पाणी बाहेर जाईल आणि भरतीला बाहेरचे आत येणार नाही अशी उघाडी ठेवायची, पहिल्या पावसाचे पाणी शेतात कोंडून त्यात मीठ विरघळवायचे आणि ते खारे पाणी बाहेर सोडायचे. मीठ धुतले गेले की मोड आलेले बी चिखलात फेकायचे. या रीतीला रहू म्हणतात. जमीन नांगरून खालचे मीठ वर आणण्याची चूक हा शेतकरी करत नसे. खारे पाणी सोसणारे काळा राता, भुरा राता यांसारखे भाताचे वाण त्याने जपले. आजही पनवेलचे खारभूमी संशोधन केंद्र अशाच वाणांच्या अभ्यासातून पुढे आलेले आहे आणि खार जमिनीत तग धरणारे ‘पनवेल’ मालिकेतील भाताचे वाण तेथेच निघाले.

बांध फुटला की एका रात्रीत सगळ्या गावाची शेते खारी होतात. म्हणून बांधाची डागडुजी हे सगळ्या गावाचे सामाईक काम असे. समाज एकत्र आला तरच माती राहते, हे खारभूमीने आगरी गावांना शिकवले होते. आज त्याच गावांच्या बांधांवर टोलेजंग इमारती आहेत. त्यांच्या तळमजल्यात पावसाळ्यात पाणी शिरले की आपण महापालिकेला दोष देतो. पण भरतीचे आणि पावसाचे पाणी कोठून कोठे जाते हे जाणणारा वृद्ध आगरी शेतकरी शेजारच्याच चाळीत राहत असतो, त्याला कोणी विचारत नाही. त्याच्याबरोबर तो ग्रंथ जाणार आहे.

पोथी परदेशी, शेत आपल्या दारी

लिहिलेली विद्याही आपण कशी गमावतो, याचे एक उदाहरण मराठी माणसाच्याच कर्तृत्वाशी जोडलेले आहे. डॉ. यशवंत लक्ष्मण नेने हे मोठे वनस्पतिरोगतज्ज्ञ. तराई प्रदेशात भातावर पडणारा खैरा रोग हा जंतूंमुळे होत नसून जमिनीत जस्त कमी असल्याने होतो, हे पंतनगरच्या विद्यापीठात असताना त्यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले. मातीला काय हवे ते ओळखले आणि रोग गेला. आधुनिक शास्त्रात इतके नाव मिळवलेल्या या संशोधकाने १९९४ मध्ये सिकंदराबाद येथे एशियन ॲग्री-हिस्टरी फाउंडेशन स्थापन केले आणि प्राचीन भारतीय कृषिग्रंथ शोधण्यास आरंभ केला. सुरपाल याचा ‘वृक्षायुर्वेद’ हा सुमारे हजार वर्षांपूर्वीचा संस्कृत ग्रंथ. त्याची पोथी मिळाली ती इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात. डॉ. नलिनी साधले यांनी तिचा अनुवाद केला आणि १९९६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यानंतर त्यांनी ‘कृषिपराशर’ही वाचकांसमोर आणला.

‘वृक्षायुर्वेदा’तील कुणपजल हे द्रवखत यामुळे पुन्हा चर्चेत आले. प्राण्यांचे मांस, मज्जा, अस्थी, शेण आणि इतर द्रव्ये शिजवून, आंबवून ते तयार केले जाई. आज अनेक जण त्याचे निरामिष रूप वापरतात. येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक वाटते. प्राचीन ग्रंथात लिहिले आहे म्हणून ते सिद्धच आहे, असे मानणे ही ग्रंथाची पूजा झाली, त्याचा अभ्यास नव्हे. डॉ. नेने यांनी ग्रंथ शोधले ते शास्त्रज्ञाच्या नजरेने; ग्रंथातील वचन हा निष्कर्ष नसून प्रयोगाचा प्रारंभ आहे, ही त्यांच्या कामाची दिशा होती. पोथीत आहे म्हणून डोळे झाकून घेणे आणि पोथीत आहे म्हणून डोळे झाकून टाकणे, दोन्ही सारखेच आंधळेपण. आपला समाज दुर्दैवाने या दोन टोकांतच अधिक रमतो.

विद्या पुढे नेणारे

निराश व्हावे अशी स्थिती मात्र नाही. जुनी विद्या चाळून, तिच्यातील दोष काढून ती पुढे नेणारी माणसे याच परिसरात झाली. राबाचा दोषही खरा आहे: त्यासाठी झाडे ओरबाडली जातात, शेण जळते, धूर होतो. डॉ. नारायण सावंत यांनी सुचवलेल्या चारसूत्री भातशेतीत यावरचा तोडगा दिसतो. पहिल्या सूत्रात रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख मिसळायची. म्हणजे राखेतील पोटॅश आणि सिलिका मिळते, पण त्यासाठी झाड तोडावे लागत नाही. दुसऱ्या सूत्रात गिरिपुष्पाचा हिरवा पाला खाचरात घालायचा. तिसऱ्यात मोजक्या अंतरावर नियंत्रित लावणी आणि चौथ्यात युरिया-डीएपीच्या गोळ्या चार रोपांच्या मधोमध खोल खोचायच्या, म्हणजे खत पाण्याबरोबर वाहून जात नाही. कवळीचे रूपांतर गिरिपुष्पात आणि राबाचे रूपांतर तुसाच्या राखेत झाले. परंपरेचा गाभा राखून तिचे रूप पालटणे म्हणजे काय, याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

कर्जतच्या वाटेवर नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले सगुणा राइस तंत्र हे दुसरे उदाहरण. अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन परतलेल्या या शेतकऱ्याने चिखलणी आणि लावणी दोन्ही सोडून दिल्या. कायमस्वरूपी गादीवाफ्यांवर भात टोकायचा, कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू द्यायची, नांगर लावायचा नाही. त्यामुळे मातीतील सेंद्रिय कर्ब वाढतो, गांडुळे परततात आणि शेतातले पाणी गढूळ होत नाही. तणासाठी या पद्धतीत तणनाशक वापरले जाते, यावर आक्षेप आहेत आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत. पण उतारावरून गढूळ पाणी वाहता कामा नये, हे इलियटचे आणि फुल्यांचे सूत्र येथे प्रत्यक्ष शेतात उतरले आहे, हे नाकारता येणार नाही.

शहराचे ऋण

आता प्रश्न उरतो तो तुमच्या-माझ्यासारख्या शहरवासीयांचा. आपल्यापैकी बहुतेकांची शेते नाहीत. मातीशी आपला संबंध कुंडीपुरता. मग या विद्येशी आपले नाते काय?

नाते फार जवळचे आहे. घेतले आणि परत दिले नाही, हे इलियटने शेतकऱ्याविषयी लिहिले. आज ते शब्द शहराला लागू पडतात. जुन्नरची, नाशिकची भाजी, मुरबाडचा तांदूळ, घाटावरचे धान्य रोज आपल्या घरात येते. त्या प्रत्येक घासाबरोबर कोणत्या तरी शेतातील नत्र, स्फुरद, पालाश आपल्या शहरात येतो. पूर्वी हे सारे गोठ्यातून, उकिरड्यातून, राबातून शेताकडे परत जात असे. आज ते कचराभूमीवर जाते.

कल्याणच्या आधारवाडीत अनेक दशके कचऱ्याचा डोंगर वाढत राहिला. उन्हाळ्यात तो पेटे आणि परिसरातील नागरिकांचा श्वास कोंडे. कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट लावली जात नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली होती. अखेर २०२१ मध्ये आधारवाडीत कचरा टाकणे बंद झाले. ठाणे शहराचा कचरा कित्येक वर्षे दिव्यात पडत होता. तेथील नागरिकांनी सोसलेले हाल सर्वांना ठाऊक आहेत. ही ठिकाणे बंद झाली, पण कचरा बंद झालेला नाही. आधारवाडीत पेटत होता तो खरे तर आपल्या शेतांचा कस होता. ठाण्याचा शेतकरी रोपासाठी राब पेटवीत होता, आपण मात्र कोणासाठीही नाही, नुसताच जाळला.

ओला आणि सुका कचरा वेगळा करणे २०१६ च्या नियमांनी प्रत्येक घराला बंधनकारक केले. शहरी कचऱ्यापासून बनलेल्या खताला राज्य शासनाने ‘हरित महासिटी कंपोस्ट’ ही नाममुद्राही दिली. तरीही शेतकरी शहरी खताकडे साशंकपणे पाहतो आणि त्याचे काही चुकत नाही. त्या खतात काचेचे तुकडे, प्लास्टिकच्या चिंध्या, बॅटऱ्यांतील विषारी धातू आले तर त्याची माती कायमची नासेल. आपल्या मातीशी त्याचे जन्माचे नाते आहे. आपण मात्र ओल्या डब्यात दुधाची पिशवी टाकताना क्षणभरही थांबत नाही. तो निष्काळजीपणा शेवटी कोणाच्या तरी शेतात जाऊन पडतो. स्वच्छतेच्या गप्पा मारणाऱ्या गृहसंकुलांनी हे एकदा मनाशी नीट ठरवावे: कचरा वेगळा करणे म्हणजे पालिकेवर उपकार नाही, ते मातीच्या ऋणाची फेड आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण मानणाऱ्या समाजाला हे चौथे ऋण समजावून सांगावे लागू नये.

ग्रंथ लिहायला हवा

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. तिन्ही आपल्या आवाक्यातील आहेत.

पहिली गोष्ट ग्रंथालयांची. ठाणे आणि कल्याणच्या जुन्या ग्रंथालयांनी आपल्या जिल्ह्याच्या मातीचे एक स्वतंत्र कपाट करावे. १८८२ चे ठाण्याचे गॅझेटिअर, फॉरेस्ट कमिशनचा अहवाल, व्होएल्कर, मान-जोशी-कानिटकर यांचा प्रबंध, ‘शेतकऱ्याचा असूड’, ‘कृषिपराशर’, ‘वृक्षायुर्वेद’ आणि कृषी विद्यापीठाच्या पुस्तिका तेथे एकत्र असाव्यात. इंग्रजीत असलेल्या भागांचे सुबोध मराठी व्हावे. ठाण्यात प्राच्यविद्येच्या अभ्यासाची परंपरा आहे, डोंबिवलीत अनुवादकांची वाण नाही.

दुसरी गोष्ट तरुणांची. मुरबाड, शहापूर, अंबरनाथ, भिवंडीच्या गावांत आणि खाडीकाठच्या आगरी वस्त्यांत ऐंशी वर्षांच्या पुढचे शेतकरी अजून आहेत. राब कसा रचायचा, कोणत्या खाचराला कोणता वाण, बांधाची उघाडी कशी बसवायची, रानात कोणते झाड कशासाठी राखायचे, हे त्यांच्या तोंडून ऐकून लिहून घेणारे विद्यार्थी हवेत. आता प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारे यंत्र आहे. इलियटला टाक, दौत आणि घोडा एवढ्यावर भागवावे लागले होते. एका महाविद्यालयाने एका तालुक्याचे काम घेतले, तर काही वर्षांत जिल्ह्याचा ग्रंथ उभा राहील. ऐकताना एक पथ्य मात्र पाळावे. हे शेतकरी आपले गुरू आहेत, नमुने नव्हेत. त्यांचे शब्द त्यांच्याच बोलीत, त्यांच्या नावानिशी आणि त्यांच्या संमतीने नोंदले जावेत.

तिसरी गोष्ट प्रत्येक घराची. आपल्या गृहसंकुलाचा ओला कचरा संकुलातच कुजवावा आणि तयार झालेले शुद्ध खत एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचवावे. आपण जेथून तांदूळ घेतो, तेथे आपले खत गेले तर शहर आणि गाव यांच्यात पुन्हा एक जिवंत नाते जुळेल.

या तीन गोष्टींनी संकट टळेल असा दावा नाही. इमारती वाढत राहतील, खाचरे आटत राहतील. उद्या कधी आपल्या नातवंडांना या भूमीचा कस पुन्हा उभा करण्याची वेळ आली, तर त्यांच्या हातात काय असेल, एवढाच प्रश्न आहे. अमेरिकेच्या नातवंडांना १९३४ मध्ये १७६० चे पुस्तक सापडले. आपल्या नातवंडांना सापडेल ते आज आपण लिहून ठेवू तेवढेच. यंदाच्या मृगात मुरबाडच्या एखाद्या खाचरात रोप उगवत असेल, तेव्हा त्याच्या बांधावर वही घेऊन बसलेला डोंबिवलीचा एक तरी तरुण असावा. ग्रंथाचे पहिले पान तेथून सुरू होईल.